गाडीच्या एका जादा किलोमीटरची किंमत किती? कोकणात सर्व्हे करून मॉडेल बांधणाऱ्या नवख्यांसाठी

"काका, किती रेंज असली तर तुम्ही इलेक्ट्रिक गाडी घ्याल?"

सर्व्हेचा पहिला दिवस, कुडाळच्या अलीकडचं एक गाव. काकांनी खिशातला फोन काढून बघितला आणि म्हणाले, "घरात रेंज गावना नाय. थंय माडाखाली उभो रवलास काय गावता."

चूक माझीच होती. आपल्याकडे रेंज म्हणजे मोबाइलची, दुसरी कुठली नाही. त्या दिवशी भरलेले फॉर्म मी बाजूला ठेवले, कारण कोणी बॅटरी धरून उत्तर दिलं आणि कोणी टॉवर धरून, हे सांगायला मार्ग नव्हता.

इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये किती जाते याला गिऱ्हाईक मनात काय किंमत देतं, ते रुपयांत काढायचं, एवढाच हा विषय. अर्थशास्त्राची, संख्याशास्त्राची किंवा एम.बी.ए.ची मुलं हल्ली प्रोजेक्टला तो घेतात आणि बहुतेक जण मी अडकलो तिथेच अडकतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हाताशी काय काय हवं

- लॅपटॉप आणि त्यावर 'आर' किंवा पायथन. दोन्ही फुकट मिळतात. आरमध्ये 'अपोलो', पायथनमध्ये 'बायोजीम', यातलं कुठलंही एक शिका. दोन्ही शिकत बसू नका.
- मोबाइलवर फॉर्म भरायला 'कोबो टूलबॉक्स'. नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरतो आणि घरी आल्यावर वर चढवतो. वरच्या काकांच्या गावात दुसरं काही चाललं नसतं.
- छापून लॅमिनेट केलेली कार्डं. लॅमिनेशन पावसासाठी आणि चहाच्या कपांसाठी.
- कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि मराठीत लिहिलेलं एका पानाचं संमतीपत्र. गावात शिरण्याआधी पत्र ग्रामपंचायतीत दाखवून ठेवा, मग कोणी बँकेचा वसुलीवाला समजत नाही.
- रिग्रेशनची जुजबी ओळख आणि लॉगरिदमची भीती गेलेली असणं.

१. प्रश्न आधी अरुंद करा

स्कूटर आणि कार एकत्र घेऊ नका. स्कूटरवाल्याला रोजच्या बाजारापुरतं अंतर हवं असतं, कारवाल्याच्या डोक्यात मुंबई असते. मी फक्त कार घेतली, आणि तीही येत्या दोन-तीन वर्षांत घ्यायचा विचार असलेल्यांसाठी. ज्याला गाडी घ्यायचीच नाही त्याचं उत्तर ऐकायला गोड लागतं, पण कामाचं नसतं.

गाइड विचारतील, "विक्रीचे आकडेच का वापरत नाहीस?" उत्तर तयार ठेवा. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आर.टी.ओ.वार नोंदणी मिळते, पेण एम.एच. ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. पण बाजारात जास्त अंतर जाणारी गाडी बहुधा मोठी, महाग आणि जास्त सोयींची असते. लोकांनी ती किलोमीटरसाठी घेतली की सनरूफसाठी, हे विक्रीच्या आकड्यातून सहज सुटत नाही. म्हणून आपण निवड-प्रयोग करतो. काल्पनिक गाड्यांची कार्डं समोर ठेवायची, "यातली कुठली घ्याल?" एवढंच विचारायचं आणि अशा पुष्कळ निवडींमधून किंमत उलगडायची.

या पद्धतीमागचं गणित डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात उभं केलं आणि त्यासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोची 'बार्ट' रेल्वे सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज होता की १५ टक्के लोक ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या मॉडेलने ६.३ टक्के सांगितलं. प्रत्यक्षात निघाले ६.२. तोंडी परीक्षेत हे सांगितलंत की पुढचे प्रश्न जरा सौम्य येतात.

२. फॉर्मच्या आधी गप्पा

ही पायरी सगळे गाळतात. आठ-दहा माणसांशी कागद-पेन बाजूला ठेवून बोला: गॅरेजवाला, वडापवाला, आंब्याच्या पेट्या पोचवणारा, मे महिन्यात आलेला चाकरमानी. ते कुठले शब्द वापरतात ते टिपा. आपल्याकडे "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न इलेक्ट्रिक गाडीलाही विचारतात आणि त्याचा अर्थ कधी युनिटला किती किलोमीटर असा असतो, कधी एका चार्जला किती. शेवटी मी कार्डावर छापलं, "एकदा पूर्ण चार्ज केल्यावर किती किलोमीटर जाईल", आणि रेंज हा शब्द पार काढून टाकला.

गप्पांमध्ये मला सगळ्यात मोठी गोष्ट सापडली ती सावंतवाडीत. एका गॅरेजवाल्याने विचारलं, "एका चार्जात कोल्हापुराक जावन येतली मां?" पुढे हाच प्रश्न रत्नागिरीत, देवरुखात, साखरप्यात वेगवेगळ्या तोंडून ऐकला. मोठं हॉस्पिटल, घाऊक बाजार, मुलीचं सासर, सगळं घाटावर. रत्नागिरी ते कोल्हापूर आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २६०. लोक किलोमीटर मोजत नव्हते, त्यांच्या मनात एक फेरी होती. हे कानावर पडलं नसतं तर माझं मॉडेल सपशेल फसलं असतं. ते कसं, ते आठव्या पायरीत.

घाटाबद्दल एक हिशेब करून बघाच. माणसांसकट १६०० किलोची गाडी ६०० मीटर चढवायला साधारण २.६ युनिट वीज लागते, वाटेतलं नुकसान धरलं तर तीनेक युनिट. युनिटला ७ किलोमीटर धरले तर हा २० किलोमीटरचा खर्च झाला, आणि उतरताना त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो. पण गप्पांमध्ये लोक घाटापोटी याच्या कितीतरी पट किलोमीटर वजा करत होते. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. गाडी घेताना माणूस मनातला घाट धरूनच निर्णय घेतो आणि आपल्याला तोच मोजायचाय.

३. कार्डावर काय ठेवायचं

चार-पाच गुणधर्म, त्याहून जास्त नको. सहावा आला की माणूस फक्त किंमत बघायला लागतो. माझ्या कार्डावर हे होते:

- किंमत: १२, १५, १८ लाख
- एका पूर्ण चार्जवर: २००, ३००, ४००, ५०० किलोमीटर
- फास्ट चार्जर घरापासून: ५, २५, ५० किलोमीटर
- शंभर किलोमीटरचा चालवण्याचा खर्च: तीन पातळ्या

इथे दोन सापळे आहेत. पहिला किमतीचा. लोक "ऑन रोड किती?" असंच विचारतात, कंपन्यांच्या जाहिराती एक्स-शोरूमच्या असतात. कार्डावर ऑन-रोड छापा आणि तसं लिहा, नाहीतर प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी किंमत राहते.

दुसरा सापळा खुद्द किलोमीटरचा. कंपनीने जाहीर केलेला आकडा ठरावीक चाचणीचक्रावरचा असतो. एसी, चार माणसं, पावसातला खड्डेभरला हायवे यांचा त्यात हिशेब नसतो. हुशार गिऱ्हाईक ४०० वाचून मनात २८० धरतं, भोळं ४०० च धरतं. मग तुमचं मॉडेल दोघांचं एकत्र कालवण करतं. म्हणून कार्डावर "प्रत्यक्ष रस्त्यावर, एसी लावून" असं स्पष्ट लिहा आणि शेवटी एक वेगळा प्रश्न ठेवा: "कंपनी ४०० म्हणाली तर तुम्ही किती धराल?" हा एक प्रश्न पुढे फार उपयोगी पडतो.

४. जोड्या लावणं

वरच्या पातळ्यांतून ३ × ४ × ३ × ३ म्हणजे १०८ गाड्या तयार होतात. सगळ्या दाखवता येत नाहीत, म्हणून निवडक जोड्या घ्यायच्या. हे काम हाताने करू नका. कार्यक्षम डिझाइन (कमी जोड्यांतून जास्त माहिती देणारी मांडणी) काढणारी पॅकेजेस आरमध्ये आहेत. तुम्ही तपासायचं ते एवढंच:

जोडीतली एक गाडी सगळ्याच बाबतीत सरस नाही ना? ("ह्यात विचारण्यासारखं काय आहे?" असं मला एका बाईंनी सुनावलं होतं.) जास्त किलोमीटर म्हणजे कायम जास्त किंमत असं तर झालं नाही ना? तसं झालं तर दोघांचा परिणाम वेगळा करताच येणार नाही. ते टाळायला गेलं की कधी १२ लाखांत ५०० किलोमीटरची गाडी येते आणि कोणीतरी म्हणतं, "कायतरीच काय!" म्हणू दे. अशी थोडी कार्डं लागतातच.

तिसरा पर्याय हवाच: "यापैकी एकही नाही, पेट्रोल-सीएनजीचीच घेईन." तो नसेल तर तुम्ही माणसाला जबरदस्तीने इलेक्ट्रिक गाडीत बसवताय.

एका कार्डावर एक जोडी, आणि एका माणसाला आठ जोड्या पुरेत. सहाव्या कार्डापासून लोक दुसरीकडे बघायला लागतात.

५. गावात उतरल्यावर

किती माणसं? एक ठोकताळा आहे: ५०० गुणिले सगळ्यात जास्त पातळ्या असलेल्या गुणधर्माच्या पातळ्या, भागिले (कार्डांची संख्या गुणिले प्रत्येक कार्डावरच्या गाड्या). आपल्या बाबतीत ५०० × ४ ÷ (८ × २) = १२५. हा किमान आकडा. गावकरी आणि चाकरमानी वेगळे दाखवायचे असतील तर प्रत्येक गटाला एवढे लागतील.

गणपतीत सर्व्हे करू नका. माणसं भेटतात खरी, पण बसत नाहीत. मे महिना बरा, दुपारी तीननंतर. आधी वीस-पंचवीस जणांवर चाचणी घ्या आणि ते फॉर्म अंतिम मोजणीत धरू नका.

कार्डं दाखवण्याआधी एक वाक्य वाचून दाखवा: "अशा प्रश्नांना लोक खरेदीपेक्षा जरा सढळ हाताने उत्तर देतात, आपण मात्र खरोखरच हप्ता भरायचाय असं समजून सांगा." खोट्या पैशातली उदारता याने पूर्ण जात नाही, पण दबते.

फोन नंबर मागू नका. विश्लेषणाला तो लागत नाही आणि एकदा घेतला की सांभाळायची जबाबदारी तुमची. त्याऐवजी विचारा: वर्षातली सगळ्यात लांबची नेहमीची फेरी कुठली, ती किती वेळा होते, घरी गाडीजवळ प्लग आहे का, पावसात लाइट किती वेळ जाते. शेवटच्या प्रश्नाला लोक फॉर्मच्या जागेपेक्षा खूप जास्त बोलतात.

६. फाइल तयार करणं

प्रत्येक माणूस, प्रत्येक कार्ड, प्रत्येक पर्याय अशी एकेक ओळ. २०० माणसं × ८ कार्डं × ३ पर्याय म्हणजे ४८०० ओळी. निवडलेल्या पर्यायापुढे १, बाकी ०.

या पायरीत माझे दोन दिवस गेले. फॉर्म मराठीत केला होता, त्यामुळे पातळ्या '२००', '३००' अशा देवनागरी अंकांत साठल्या. आरला ते अंक वाटत नाहीत. संख्येत बदला म्हटलं की एक इशारा देऊन तो सगळा स्तंभ रिकामा करून टाकतो. गंमत म्हणजे पायथन देवनागरी ३०० हा ३०० असाच वाचतो. कोबोमध्ये दिसणारं लेबल मराठी आणि साठणारी किंमत इंग्रजी अंकांत, असं दोन ठिकाणी वेगळं देता येतं. ते पहिल्याच दिवशी करा.

आणि किंमत लाखांत लिहा, अंतर शेकड्यात. १५००००० आणि ३०० शेजारी ठेवले तर आकडेमोड डगमगते आणि मॉडेल "जुळत नाही" म्हणून थांबतं.

७. पहिलं मॉडेल: साधं लॉजिट

लॉजिट म्हणजे निवडीची शक्यता सांगणारं सूत्र. प्रत्येक गाडीला एक गुण द्यायचा: किमतीचा गुणांक गुणिले किंमत, अधिक अंतराचा गुणांक गुणिले अंतर, अधिक बाकीचे. गाडी निवडली जाण्याची शक्यता म्हणजे तिच्या गुणाचं 'ई'चा घात करून येणारं मूल्य, भागिले सगळ्या पर्यायांच्या तशा मूल्यांची बेरीज. गुणांक सॉफ्टवेअर शोधून देतं.

मग अंतराच्या गुणांकाला किमतीच्या गुणांकाने भागा आणि चिन्ह उलटं करा. समजा (केवळ उदाहरण म्हणून) किमतीचा गुणांक लाखामागे उणे ०.२ आला आणि अंतराचा शंभर किलोमीटरमागे ०.६. म्हणजे १०० किलोमीटरला ३ लाख, किलोमीटरला ३००० रुपये.

किमतीचा गुणांक धन आला तर पुढे जाऊ नका. स्तंभ उलटे लागलेत किंवा लोकांनी किंमत म्हणजे दर्जा असं धरलंय.

मॅकफॅडन यांचा रो-वर्ग (मॉडेल किती बसलं याचं माप) ०.२ ते ०.४ आला तर मॉडेल उत्तम बसलं असं समजतात. साध्या रिग्रेशनच्या सवयीने ०.२५ बघून रडू नका. मी रडलो होतो.

८. किलोमीटर सरळ रेषेत घालू नका

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. सातव्या पायरीतलं मॉडेल म्हणतं की २०० नंतरचा किलोमीटर आणि ५०० नंतरचा किलोमीटर सारख्याच मोलाचे. कुठल्याही वडापवाल्याला विचारा, तो हसेल.

सोपा उपाय म्हणजे अंतराऐवजी अंतराचा लॉग घाला. पुन्हा उदाहरणाचे आकडे: लॉगचा गुणांक १.५, किमतीचा लाखामागे उणे ०.२५. आता एका जादा किलोमीटरची किंमत म्हणजे १.५ ÷ (०.२५ × सध्याचं अंतर) लाख. २०० वर ती ३००० रुपये, ३०० वर २०००, ४०० वर १५००, ५०० वर १२००. एकूण बघाल तर २०० वरून ३०० ला साधारण २ लाख ४३ हजार, ४०० वरून ५०० ला १ लाख ३४ हजार. तेच शंभर किलोमीटर, मोल जवळजवळ निम्मं.

पडताळा घ्या: १२ लाखांची २०० किलोमीटरवाली आणि १५ लाखांची ३०० वाली समोरासमोर ठेवली तर महागडी सुमारे ४६ टक्के जण घेतील. तीन लाख जादा मोजायचे आणि मिळणारं मोल २.४३ लाखांचं, म्हणून निम्म्याहून थोडे कमी. गणित आणि अक्कल एकाच बाजूला आहेत ना, हे असं तपासत राहा.

पण लॉगही गुळगुळीत उतरत जातो आणि आपल्या माणसाच्या मनात कोल्हापूरची फेरी आहे. म्हणून मी प्रत्येकासाठी एक नवीन स्तंभ केला. त्याच्या नेहमीच्या लांब फेरीचे किलोमीटर घेतले, कार्डावरच्या अंतरातून त्याने मनात धरलेली कपात वजा केली आणि पाहिलं, फेरी चार्ज न करता पुरी होते की नाही. होत असेल तर १, नाही तर ०. (कार्डावर "प्रत्यक्ष रस्त्यावर" लिहिलं असलं तरी लोक थोडी कपात करतातच.) हा स्तंभ लॉगच्या जोडीला घातल्यावर लॉगचा गुणांक बराच खाली आला. म्हणजे आधी "किलोमीटरची किंमत" वाटत होती, तिच्यातला मोठा भाग त्या फेरीच्या खात्रीचा होता.

सरळ रेषा, लॉग, पायऱ्या (प्रत्येक पातळीला वेगळा गुणांक) आणि फेरीचा स्तंभ, अशी चारही मॉडेलं चालवा आणि बी.आय.सी. तपासा (मॉडेल किती बसलं आणि त्यासाठी किती गुणांक खर्ची पडले, दोन्ही धरणारा आकडा; कमी तो बरा). काही माणसं आधीच बाजूला काढून ठेवा आणि त्यांच्या निवडी कुठलं मॉडेल बरोबर सांगतं ते बघा. एकाच माणसाची तीन कार्डं इकडे आणि पाच तिकडे करू नका. ते स्वतःलाच फसवणं आहे.

९. सगळे सारखे नसतात

साध्या लॉजिटमध्ये प्रसिद्ध 'लाल बस, निळी बस' दोष आहे. स्टँडवर लाल डबा आणि रिक्षा असे दोनच पर्याय असताना तसाच निळा डबा आणून लावला, तर मॉडेल म्हणतं की नवी बस रिक्षाचंही गिऱ्हाईक लाल डब्याइतक्याच प्रमाणात खाईल. खरं तर ती लाल डब्याचंच खाणार. आपल्या कार्डावर दोन इलेक्ट्रिक आणि एक पेट्रोल असते, तेव्हा दोष नेमका आपल्यालाच लागू.

उपाय मिक्स्ड लॉजिट. गुणांक माणसागणिक बदलू द्यायचे. एका माणसाची आठ कार्डं एकत्र बांधली आहेत, हे सॉफ्टवेअरला सांगायला विसरू नका. हाल्टन ड्रॉ (बदलत्या गुणांकांचे सॉफ्टवेअर घेतं ते नमुने) ५०० पासून सुरू करा, वाढवून बघा, आकडे हलायचे थांबेपर्यंत.

सापळा: किंमत आणि अंतर दोन्ही गुणांकांना नॉर्मल वितरण देऊन भागाकार करू नका. छेद शून्याजवळ जाऊ शकतो, आणि अशा भागाकाराची सरासरी गणितात अस्तित्वातच नसते. सॉफ्टवेअर मात्र बिनधास्त एक आकडा छापतं. एकतर किमतीचा गुणांक सगळ्यांना एकच ठेवा, नाहीतर मॉडेल थेट रुपयांतल्या मोलाच्या रूपात मांडा; 'अपोलो'त दोन्ही जमतं.

१०. आकडा लिहिताना

"कोकणी माणूस किलोमीटरला अमुक रुपये देतो" असं वाक्य लिहू नका. कुठून कुठे ते लिहा: २०० वरून ३००, ३०० वरून ४००. सोबत विश्वासांतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) द्या, डेल्टा पद्धतीने म्हणजे सूत्राने किंवा माणसं पुन्हा पुन्हा उचलून बूटस्ट्रॅपने. माझं पहिलं अंतराल एवढं रुंद होतं की त्यात एक सेकंडहँड ऑल्टो मावली असती.

बाहेरच्या आकड्यांशी तुलना जपून करा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एका जादा मैलाला ३५ ते ७५ डॉलर, असा अंदाज आला होता. एका विद्यार्थ्याने तो आजच्या डॉलरच्या भावाने गुणून "भारतीय ग्राहकाची" किंमत म्हणून छापलेला मी पाहिलाय. तिथलं उत्पन्न वेगळं, रोजचा प्रवास वेगळा, आणि त्या वेळच्या गाड्याही शंभरेक मैल जाणाऱ्या. अंतर वाढत जाताना किलोमीटरचं मोल कसं उतरतं, त्या उताराचा आकार तिकडच्याशी जुळतो का, एवढंच तपासा.

सर्व्हेतल्या किती जणांनी इलेक्ट्रिक गाडी स्वतः चालवली होती, तेही पहिल्याच तक्त्यात द्या. न चालवलेल्याचं मत पुढे बदलू शकतं, आणि कुठल्या दिशेने, ते त्याच माणसाला गाडी घेतल्यावर पुन्हा विचारल्याशिवाय कळत नाही. सावंतवाडीच्या त्या गॅरेजवाल्याने शेवटी गाडी घेतली. या मे महिन्यात तीच आठ कार्डं घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे.